ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: स्लोला काटा डोलतो, पिकअप जातो आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तेच

ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना लक्षणं पाठ असतील. सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा वर-खाली डोलतो. तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला टेकायला हवी, तर बोनेटखालून नुसता ‘हूऽश’ असा आवाज येतो आणि गाडी मरगळल्यासारखी ओढते. चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, कोड पुसतात, एखादा पाइप नाहीतर एअरफ्लो सेन्सर बदलतात. दोन-तीन आठवडे गाडी झकास चालते आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

पुन:पुन्हा येणारा हा त्रास कायमचा संपवता येतो. महागडा पार्ट लागतो म्हणून तो राहिलेला नसतो. गाडीत एका वेळी एकच गळती शोधली जाते, म्हणून तो राहिलेला असतो.

ही माहिती पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएससाठी आहे, म्हणजे भारतात २००४ मध्ये आलेली, १७८१ सीसीची, २० व्हॉल्व्हची टर्बो पेट्रोल. युरोपातल्या आरएसला १८० पीएस होते, आपल्याकडच्या गाडीला १५० मिळाले. टॉर्क २१० न्यूटन-मीटर, आणि तो १७५० आरपीएमपासूनच हातात येतो. याच कुटुंबातलं इंजिन त्या काळच्या ऑडी ए४, पसाट आणि चौथ्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्येही होतं, त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं त्या गाड्यांनाही लागू पडतं. फक्त ए४ आणि पसाटमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असल्याने पाइपांची जागा बदलते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचे विचारतात. माझं उत्तर एकच आहे: अशी गाडी आता कोणी बनवत नाही. वरून साधी घरगुती सेडान, मागचा दरवाजा काचेसकट उघडला की चार जणांचं लग्नाचं सामान मावेल एवढी डिकी, आणि आत एक असं इंजिन जे कात्रज ओलांडून खंबाटकी चढताना गिअर न बदलता खेचत राहतं. ‘आरएस’ या दोन अक्षरांमागे १९७० च्या दशकातली रॅलीची स्कोडा १३० आरएस आहे, १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत आपला वर्ग जिंकलेली. आणि ऑक्टाव्हिया तर आपल्या घरची. भारतातल्या ऑक्टाव्हिया तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात जुळल्या. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी, फिटनेस, पीयूसी हे सगळं सांभाळून लोक या गाड्या जपताहेत, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच एवढ्याशा रबरी नळीपायी कोणी वैतागून गाडी भंगारात काढावी हे बघवत नाही.

मुळात होतं काय

एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच एअरफ्लो सेन्सर बसतो. आत जाणारी हवा तो मोजतो आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या पुढे हवा दाबून भरणारा टर्बो, ती थंड करणारा इंटरकूलर, ती कमी-जास्त सोडणारा थ्रॉटल, ती सिलिंडरांना वाटणारा मॅनिफोल्ड आणि त्यांना जोडणाऱ्या लहान-मोठ्या नळ्यांचं जाळं आहे. या जाळ्यात कुठेही चीर पडली की हिशेब चुकतो.

तो दोन्ही बाजूंनी चुकतो, आणि निदानाची किल्ली इथेच आहे. स्लोला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे चिरेतून न मोजलेली हवा आत शिरते. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि काटा डोलतो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की त्याच चिरेतून मोजलेली हवा बाहेर पळते. मग पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशी अवस्था होते, पिकअप जातो, कधी काळसर धूरही दिसतो. पाहणाऱ्याला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. त्यापायी कोणी आधी सेन्सर बदलतो, मग पंप, मग प्लग. पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं.

सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग म्हणजे क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) वाफ परत इनटेकमध्ये आणणारी व्यवस्था, पीसीव्ही. तिच्या नळ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या वरच्या अंगाला दडलेल्या असतात. वरून उष्णता आणि आतून ऑइलची वाफ, असं वीस वर्षं सोसलेलं रबर लोण्यासारखं मऊ पडतं आणि त्याला जोडलेलं प्लास्टिक मात्र पापडासारखं कडक होतं. मध्यंतरी एका मित्राच्या गाडीत मॅनिफोल्डखालचा कोपरा आरशात पाहिला तर धडधाकट दिसत होता. बोट घालून खालच्या बाजूने चाचपलं तेव्हा रबर चिकट लागलं, आणि दोन बोटांत दाबताच आतल्या वळणावर करंगळीच्या नखाएवढी चीर तोंड उघडून पुन्हा मिटली. वरून टॉर्च मारून ती कधीच सापडली नसती. या नळ्या हाताने तपासा. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका.

आता तेच दुखणं परत का येतं, ते पाहू. गॅरेजमध्ये फाटलेली एक नळी बदलली जाते, पण तिच्या शेजारची नळीही त्याच वयाची असते आणि तिचीही वेळ भरलेली असते. शिवाय जुनी नळी ओढून काढताना शेजारच्या प्लास्टिकच्या टी-जोडाला तडा जातो. तो लगेच दिसत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत उघडतो. म्हणून या गाडीत पीसीव्हीचं काम तुकड्या-तुकड्याने करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पार्ट घेण्याआधी मोजा

पहिली गोष्ट: कोड पुसू नका. आधी फोटो काढून ठेवा. पी ०१७१ किंवा पी ११३६ म्हणजे मिश्रण पातळ, व्हॅक्यूमच्या बाजूने शोध सुरू करा. पी १२९७ म्हणजे टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपात दाब कमी होतोय. पी १५५५ आला असेल तर गोष्ट उलटी आहे: बूस्ट मर्यादेपेक्षा जास्त गेला म्हणून ईसीयूने जोर कापलाय. यात पिकअप एकदम जातो आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की परत येतो. मालकाला दोन्ही तक्रारी सारख्याच वाटतात, पण इथे मोठे पाइप काढत बसू नका. बूस्ट आवरणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हपासून वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) डब्याकडे जाणारी बारीक नळी आधी बघा. ती फाटली की वेस्टगेटला दाबच पोहोचत नाही, तो उघडत नाही आणि बूस्ट चढत जातो.

व्हीसीडीएस हे या गाड्यांच्या निदानाचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप मिळाला तर निम्मं काम बसल्या जागी होतं. त्यात आकडे क्रमांकाच्या गटांत (ग्रुप) दिसतात. इंजिन पूर्ण गरम करून ग्रुप ०३२ उघडा, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये किती दुरुस्ती करतोय ते दिसेल. पहिला आकडा स्लोचा, दुसरा चालत्या गाडीचा. दोन्ही उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत हवेत, शून्याच्या जितके जवळ तितकं उत्तम. पहिला आकडा बराच अधिक (प्लस) आणि दुसरा ठीक असेल तर व्हॅक्यूमची गळती जवळजवळ नक्की. पहिला ठीक आणि दुसरा बराच अधिक असेल तर एअरफ्लो सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा दाब अपुरा पडतोय. सेन्सर विकत घेण्याआधी हे बघितलं असतं तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

मग ग्रुप ११५. इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा. बूस्टचा प्रत्यक्ष आकडा तेव्हा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा दिसायला हवा: मुंबईत साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८६० च्या जवळ. फारच वेगळा दिसला तर आधी प्रेशर सेन्सरचा संशय घ्या. आकडा बरोबर असेल तर मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कोणाला तरी लॅपटॉप घेऊन बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून पूर्ण पॅडल दाबून लॉग घ्या. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत मोठी तफावत राहत असेल तर हवा कुठेतरी पळतेय. त्याच फेरीत ग्रुप ००२ मधला हवेचा आकडाही नोंदवा. १५० पीएसच्या इंजिनाला वरच्या आरपीएमला सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा लागते.

लॅपटॉप नसेल तर एक जुनी युक्ती आहे. इंजिन स्लोला चालू असताना ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. धडधाकट गाडीत स्लो लगेच बिघडतो, कारण क्रँककेस इनटेकला जोडलेला असतो. काहीच फरक पडला नाही तर पीसीव्ही तुंबलाय किंवा आधीच कुठेतरी उघडा पडलाय. हे करताना डिपस्टिकच्या नळीवरचं नारिंगी प्लास्टिकचं नरसाळंही बघा. ते ठिसूळ होऊन तुकडे पडतात आणि त्या फटीतूनही हवा ओढली जाते. स्वस्तातला पार्ट, पाच मिनिटांचं काम. तुटके तुकडे मात्र नळीत पडू देऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. गळती शोधायला चालू इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारणारे मेकॅनिक अजून भेटतात. या इंजिनात टर्बो आणि एक्झॉस्ट मागच्या बाजूला लालबुंद तापलेले असतात. तसं करू देऊ नका.

दाबाची चाचणी

जवळ स्मोक मशीन (पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र) असलेलं गॅरेज असेल तर तिथे जा, सगळ्यात सोपं. नसेल तर घरी करता येते. एअरफ्लो सेन्सर काढा, टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाइपाचं तोंड मोजा आणि हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप आणा. टायरवाल्याकडून ट्यूबलेसचा एक व्हॉल्व्ह घ्या, कॅपला भोक पाडून त्यात ओढून बसवा. कॅप पाइपात घालून क्लिप आवळा. गाडी थंड, चावी बंद. आता फूटपंपाने हळूहळू हवा भरा.

इथे एक काळजी घ्यायची. त्या पाइपाला पीसीव्हीची नळीही जोडलेली असते, म्हणजे भरलेली हवा क्रँककेसमध्येही जाते आणि तिथले ऑइल सील जास्त दाबासाठी नसतात. ०.३ बारच्या, म्हणजे चार-साडेचार पीएसआयच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त दाबाने मुख्य पाइप तपासायचे असतील तर पीसीव्हीची नळी आधी काढून दोन्ही तोंडं नीट बंद करा.

साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घेऊन जोड, वळणं, क्लिपांच्या कडा यांवर मारत जा. इंटरकूलर उजव्या पुढच्या चाकाच्या पुढे, बंपरच्या आत असतो. चाकामागचं प्लास्टिक लायनर काढल्याशिवाय तिथला खालचा पाइप दिसत नाही आणि नेमका तोच ऑइलने माखून क्लिपेतून सरकतो. दाब अगदी सावकाश उतरत असेल तर घाबरू नका, उघड्या व्हॉल्व्हमधून आणि रिंगांवरून थोडी हवा क्रँककेसमध्ये जाणारच. फुगे किंवा स्पष्ट सुरसुर ऐकू आली तर ती गळती.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर बूस्टची हवा परत इनटेकमध्ये वळवणारा व्हॉल्व्ह, वेगळा काढून तपासा. आतला दट्ट्या बोटाने आत दाबा, व्हॅक्यूमच्या बारीक नळीचं तोंड दुसऱ्या बोटाने बंद करा आणि दट्ट्या सोडा. तो आतच राहिला तर पडदा शाबूत आहे. हळूहळू बाहेर आला तर पडदा फाटलाय. बदलताना ७१०एन नावाने ओळखला जाणारा कंपनीचाच व्हॉल्व्ह घ्या. गिअर बदलताना फुस्स असा आवाज काढून हवा बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह या गाडीला लावू नयेत. ती हवा सेन्सरने मोजलेली असते, ती बाहेर सोडली की प्रत्येक गिअरला मिश्रण जाड होतं आणि गाडी झटका देते.

गळती नसते तेव्हा

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग करत असेल तर पहिला संशय प्लगला ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचा. या इंजिनाचे कॉइल जगभर बदनाम आहेत. पी ०३०१ ते ०३०४ यातला कोड कोणत्या सिलिंडरचा ते बघा, तो कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर टाका. कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेला. लुकलुकत्या दिव्यावर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं. प्लगची फट ०.८ मिमीच्या वर नको.

थंड गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, तापमानाचा काटा मध्येच पडतो, असं असेल तर कूलंटचा तापमान सेन्सर. जुना काळा सेन्सर असेल तर नवा हिरवा बसवा, नवी ओ-रिंग घालून. पेट्रोल भरून निघाल्यावरच गाडी अडखळत असेल तर एन८० हा टाकीच्या वाफेचा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते पाहा. एअरफ्लो सेन्सर खरंच खराब असू शकतो, विशेषतः तेल लावायचा स्पोर्ट्स फिल्टर बसवला असेल तर. त्या तेलाची पापडी सेन्सरच्या मोजणाऱ्या भागावर बसते. मी तरी या गाडीत साधा कागदी फिल्टरच सुचवेन.

बदलायचं ते एकदम

मॅनिफोल्डखालचे सगळे रबरी कोपरे, प्लास्टिकचे टी-जोड, प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह आणि एकदिशा व्हॉल्व्ह एकाच वेळी बदला. पार्ट नंबर चासी नंबरवरून काढून घ्या. त्याच इंजिनाच्या गाड्या युरोपात प्रचंड खपल्यामुळे हे भाग अजून मिळतात. बाहेरून मागवायचे असतील तर पूर्ण संच एकदम मागवा.

स्वस्त सिलिकॉन नळ्या पीसीव्हीसाठी घेऊ नका. साध्या सिलिकॉनला ऑइलची वाफ सोसत नाही, नळी फुगते आणि ऑइल झिरपायला लागतं. बूस्टच्या पाइपांना सिलिकॉन चालतं. पीसीव्हीला मात्र मूळ रबर, नाहीतर आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेलीच नळी.

एकदिशा व्हॉल्व्हची दिशा बसवताना तोंडाने फुंकून तपासा. क्रँककेसकडून मॅनिफोल्डकडे हवा गेली पाहिजे, उलट नाही. तो उलटा बसला किंवा निकामी झाला तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक उचलली जाते, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल येतं, आणि मग लोक पॅकिंग बदलत बसतात. ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूमच्या नळीतलाही असाच व्हॉल्व्ह तपासा. ब्रेक पेडल कडक लागत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे काम आधी करा.

टोकं पुसून कोरडी करून मगच क्लिप आवळा. स्क्रूच्या क्लिपा जिवाच्या आकांताने आवळल्या की रबर कापलं जातं.

काम झाल्यावर कोड पुसा, बॅटरीचं टर्मिनल पक्कं आहे ना बघा आणि ग्रुप ०६० मध्ये थ्रॉटलचं अॅडाप्टेशन करा, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची स्थिती नव्याने शिकवा: चावी ऑन, इंजिन बंद, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. ‘एडीपी ओके’ आलं की झालं. ईसीयूने जुन्या गळतीचा हिशेब शिकून ठेवलेला असतो, तो पुसला गेला नाही तर नव्या नळ्यांवरही गाडी काही दिवस विचित्र चालते आणि काम फसलं असं वाटतं. आठवडाभर शहरात आणि हायवेवर चालवून ०३२ पुन्हा बघा. पहिला आकडा शून्याकडे सरकलेला दिसला पाहिजे.

पीसीव्ही दीर्घकाळ तुंबलेला असेल तर ऑइल लवकर बदला, फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं ५डब्ल्यू-४०. क्रँककेसची वाफ बाहेर पडली नाही की ऑइल घट्ट होऊन गाळ धरतं, ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं, आणि पहिला बळी टर्बोच्या बेअरिंगचा जातो. ऑइलचा दिवा गरम इंजिनावर स्लोला क्षणभर जरी लुकलुकला तरी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून जाळी बघा.

हे सगळं करूनही ११५ मध्ये बूस्ट कमीच राहिला तर टर्बोकडे वळा. वेस्टगेटचा दांडा गंजून अर्धवट उघडा अडकला आहे का ते बघा, पक्कडीने हळू हलवून तो स्प्रिंगने परत बसतो का तपासा. मग गाडी थंड असताना इनटेकचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. आडवी किंचित हालचाल चालते. शाफ्ट आत-बाहेर सरकत असेल किंवा पात्या हाउसिंगला घासल्याच्या चकचकीत खुणा दिसत असतील, तर टर्बो उतरवावाच लागेल, आणि तो उतरवलाच तर त्याला ऑइल पुरवणारी लोखंडी नळी जुनीच परत लावू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेने तिच्या आत ऑइलचा कोळसा धरलेला असतो, आणि त्या नळीवर बसवलेला नवा टर्बो फार टिकत नाही.